राजमुद्रा नेमकी कुणाच्या हातात असायची?

मोडीवेडा

नमस्कार मंडळी.

दीड वर्ष झालं, मोडी शिकतोय. नीट अक्षर असेल तर वाचता येतं, घसरट आलं की अडतं. दिवाळीत गावी गेलो तेव्हा चुलत्यांनी माळ्यावरून कागदांचा रुमाल काढून दिला. आजोबांनंतर कुणी सोडलाच नव्हता. त्यात पेशवाईतला वतनाचा एक लांबलचक कागद निघाला. मजकूर संपतो तिथे बोटाच्या पेराएवढा काळा ठसा आहे. भिंग लावून पाहिलं तर अक्षरं लागली: 'लेखन सीमा'. चुलत्यांना मोडी येत नाही. मी वाचून दाखवल्यावर ते म्हणाले, "म्हणजे इथं सरकारचं बोलणं संपलं." हे वाक्य डोक्यातून जात नाही.

त्यावरून प्रश्न पडला. शिवाजी महाराजांची राजमुद्रा आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण आपण ती श्लोक म्हणून पाठ करतो. ती एक वस्तू होती, धातूची, उलटी अक्षरं कोरलेली, हातात धरून कागदावर दाबायची. ती ज्याच्या हाती पडेल तो कुणालाही गाव इनाम देऊ शकला असता. मग ती ठेवायचा कोण? उमटवायचा कोण? महाराज मोहिमेवर असताना काय व्हायचं? जाणकारांनी सांगावं.

सह्याद्रीकन्या

सुंदर धागा. नवीन वाचकांसाठी श्लोक देऊन ठेवते.

प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता ।
शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते ॥

प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी, जगाला वंद्य अशी ही शहाजीपुत्र शिवाजीची मुद्रा लोककल्याणासाठी शोभते आहे. आकार अष्टकोनी. मला यातला 'भद्राय' सगळ्यात मोठा वाटतो. शिक्क्यातच लिहून ठेवलंय की हा शिक्का कशासाठी आहे.

आणि जिजाऊसाहेबांचा शिक्का फारसीत होता, 'जिजाबाई वालिदा-इ-राजा शिवाजी' अशा मजकुराचा. आईचा शिक्का फारसी आणि मुलाचा संस्कृत, एकाच घरात, एकाच काळात. काय बदलत होतं ते या दोन ठशांत दिसतं.

खडूफळा

मी शाळेत मराठी शिकवते. 'शिक्कामोर्तब होणे' हा वाक्प्रचार बावीस वर्षं शिकवला आणि दर वर्षी अर्थ सांगितला, 'पक्कं होणे'. शिक्का आणि मोर्तब या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे मला चार वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात कळलं. कागदाच्या माथ्यावर उमटतो तो शिक्का, म्हणजे मोठी मुद्रा. मजकुराच्या शेवटी उमटतं ते मोर्तब, म्हणजे लहान मुद्रा. महाराजांच्या मोर्तबावर तीनच शब्द, 'मर्यादेयं विराजते'. ही मर्यादा इथे शोभते आहे. पेशव्यांच्या मोर्तबावर 'लेखन सीमा', म्हणजे तुमच्या कागदावर आहे तेच.

तुमच्या चुलत्यांनी अगदी बरोबर सांगितलं, दादा. त्या ठशाच्या खाली कुणी एक ओळ वाढवली तर ती राजाची नाही. हल्ली मी वर्गात फळ्यावर आधी वरचा ठसा काढते, मग मजकुराच्या रेघा, मग खालचा ठसा, आणि मुलांना विचारते, "आता मला यात माझ्या नावाने एक विहीर वाढवायची आहे, कुठे लिहू?" मुलं जागा शोधतात आणि त्यांना ती सापडत नाही. वाक्प्रचार पुन्हा समजवावा लागत नाही.

चहाबिस्किट

तेव्हाही कुणाला ऐकावं लागत असेल का, "शिक्का कपाटात आहे आणि किल्लीवाले जेवायला गेलेत"? :)

तात्या_निवृत्त

चहाबिस्किट, तुम्ही गमतीत विचारलंत, पण धाग्याचा मूळ प्रश्न तोच आहे. मी एका तालुक्याच्या कचेरीत एकतीस वर्षं काढली. गोल शिक्का माझ्या ड्रॉवरमध्ये असायचा आणि किल्ली जानव्याला. साहेबांची सही झाल्याशिवाय शिक्का नाही, आणि शिक्का मारला की जावक नोंदवहीत नंबर. हा क्रम मोडायचा नाही हे मला माझ्या आधीच्या माणसाने पहिल्या दिवशी सांगितलं.

एकदा मी वडिलांच्या आजारपणामुळे तीन दिवस रजेवर होतो. घाईत शिक्का टेबलावर राहिला. त्या तीन दिवसांत कोऱ्या कागदावर ठसे उमटले. किती ते शेवटपर्यंत समजलं नाही. दोन कागद नंतर वर्षभराने एका जमिनीच्या भांडणात बाहेर आले. सही कुणीतरी गिरवलेली होती, पण शिक्का खरा होता! खरा शिक्का बघून समोरच्या गरीब माणसाने पैसे मोजले होते. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. म्हणून मोडीवेडांचा प्रश्न मला अजिबात हौसेचा वाटत नाही. शिक्का कुणाकडे होता हे कळल्याशिवाय राज्य कसं चाललं ते कळत नाही.

कोकणचा_वारा

महाराजांच्या शिक्क्याबद्दल जाणकार लिहितीलच. मी सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, कान्होजी आंग्र्यांचा देतो, कारण आमच्या अलिबागेत त्याचा अभिमान आहे.

श्रीशाहू नृपतीप्रीत्या तुकोजी तनुजन्मना ।
कान्होजी सरखेलस्य मुद्रा जयति सर्वदा ॥

समुद्रावर ज्याच्या परवान्याशिवाय जहाज हलत नव्हतं, त्याच्या शिक्क्यात आधी शाहू महाराज, मग वडील तुकोजी आणि मग स्वतः.

मोडीवेडा

सगळ्यांचे आभार. तात्या, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं. पण मूळ प्रश्न अजून तसाच आहे. शिक्क्यावर काय लिहिलंय ते कळलं, हातात कुणाच्या होता ते नाही.

दफ्तरी_माणूस

उशिरा आलो, पण हा माझा जिव्हाळ्याचा विषय. सविस्तर लिहितो.

राज्याभिषेक ६ जून १६७४ चा. त्या सुमाराचा अष्टप्रधानांच्या कामांचा जो कानुजाबता, म्हणजे नियमांची यादी, आहे, त्यात मुख्य प्रधानाच्या कामांत स्पष्ट म्हटलंय, "राजपत्रांवर शिक्का करावा". म्हणजे शिक्का करण्याचा अधिकार पेशव्याकडे. सचिवाकडे, म्हणजे सुरनिसाकडे, राजपत्रं तपासून त्यातलं कमीजास्त अक्षर शुद्ध करण्याचं काम. लिहिणारा चिटणीस तिसराच. हिशेबाचा संबंध आला की अमात्य, म्हणजे मुजुमदार. अस्सल कागदावर मजकूर संपल्यावर 'रुजू सुरनिवीस', 'सुरू सूद', 'बार' असे तुटक शेरे दिसतात. नवख्याला ते कचरा वाटतात. पण प्रत्येक शेरा म्हणजे एका टेबलावरून कागद पुढे सरकल्याची खूण आहे. मजकूर ताडून पाहिला, दफ्तरी नोंदला, पुढे पाठवला.

आता अडचण अशी की पेशवे मोरोपंत पिंगळे काही वर्षभर गडावर बसून नव्हते. प्रधान मोहिमांवर जात, किल्ल्यांची कामं बघत. म्हणून प्रत्येकाला मुतालिक असे. मुतालिक म्हणजे प्रधानाच्या गैरहजेरीत त्याचं काम करणारा, त्याच्या नावाने शिक्का उठवणारा माणूस. 'मुतालिक' हे आडनाव आज आपल्याकडे आहे, ते याच कामावरून.

तर उत्तर असं: अधिकार पेशव्याचा, रोजचा हात बहुतेक वेळा मुतालिकाचा किंवा त्याच्या कारकुनाचा, आणि तो हात कागदापर्यंत पोचायच्या आधी इतर दोन-तीन खात्यांनी कागद पाहिलेला. एकट्याच्या हातात सगळं कधीच नाही.

एक गोष्ट भिंगातून बघण्यासारखी. कागद लांब लागला तर एकाला एक बंद, म्हणजे कागदाची पट्टी, डकवत जायचे. मधला बंद काढून दुसरा घालता येऊ नये म्हणून जोडाच्या पाठीवर ठसा मारायचे, अर्धा एका बंदावर, अर्धा दुसऱ्यावर. मोडीवेडा, तुमचा कागद लांबलचक आहे म्हणालात. उलटा करून पाहिलात का?

नांगरट

दफ्तरी, आदर ठेवून असहमत. शिक्का चिटणिसाकडेच असणार असं मला वाटतं. महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. महाराजांनी एक पत्र लिहायला सांगितलं, कामाच्या गर्दीत ते लिहायचं राहिलं, रात्री महाराजांनी वाचून दाखवायला सांगितलं तेव्हा बाळाजींनी कोरा कागद समोर धरून अखंड पत्र म्हणून दाखवलं. मशालजीला हसू फुटलं तेव्हा उलगडा झाला. इतका विश्वासातला माणूस बाजूला असताना शिक्का दुसऱ्याकडे कशाला देतील?

दफ्तरी_माणूस

नांगरट, ती आख्यायिका मलाही प्रिय आहे. पण तीच माझ्या बाजूने साक्ष देते. पत्र लिहून झाल्यावर महाराज ते वाचून घेत असत, अशी त्या गोष्टीची बैठक आहे. म्हणजे लिहिणाऱ्याचा शब्द शेवटचा नाही, मग तो कितीही विश्वासाचा असो. एकपाठी चिटणीस जे बोलेल ते राजाज्ञा, आणि शिक्काही त्याच्याच कमरेला, असं झालं तर अडवणार कोण? बाळाजींच्या निष्ठेवर मी शंका घेत नाही. व्यवस्था निष्ठावंतांनाही लागू असते तेव्हाच टिकते.

तात्या_निवृत्त

दफ्तरींच्या शेवटच्या वाक्याला माझा नमस्कार.

नांगरट

मुद्दा पटला. लिहिणारा वेगळा आणि उमटवणारा वेगळा, हे मी लक्षात घेतलं नव्हतं. पतसंस्थेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, तसंच की.

भंडाऱ्याची_पोर

माझा एक बावळट प्रश्न. महाराज सही का करत नव्हते? सही केली असती तर शिक्का चोरीला जायची भीती राहिली नसती.

दफ्तरी_माणूस

प्रश्न बावळट नाही, ताई. आपल्याकडे राजाची ओळख सहीत नसून मुद्रेत होती. मुद्रा आणि मोर्तब असलं की पत्र पुरं. पण राजाने स्वहस्ते लिहिल्याचं उदाहरण आहे. संभाजी महाराजांचं १६८० चं संस्कृत दानपत्र, बाकरेशास्त्र्यांना दिलेलं. त्याच्या माथ्यावर त्यांनी स्वतः लिहिलंय, "मतं मे श्रीशिवराजपुत्रस्य श्रीशंभुराजछत्रपतेः यदत्रोपरि लेखितं". यावर जे लिहिलंय ते मला, शिवराजपुत्र शंभुराज छत्रपतीला, मान्य आहे. आधी वडिलांचं नाव, मग स्वतःचं. ती ओळ बघताना माझ्या अंगावर काटा येतो.

त्यांची मुद्राही वाचा: श्री शंभोः शिवजातस्य मुद्रा द्यौरिव राजते । यदंकसेविनो लेखा वर्तते कस्य नोपरि ॥ या मुद्रेच्या आश्रयाला आलेल्याची रेघ कुणावर चालत नाही? सगळ्यांवरच चालते! वडिलांची मुद्रा चंद्रकोरीसारखी वाढणारी, मुलाची थेट आकाशासारखी.

सह्याद्रीकन्या

एक भर घालू? आपण समजतो की संस्कृत मुद्रा म्हणजे खालचं पत्रही तसंच असणार. २८ जानेवारी १६४६ चं रांझ्याच्या पाटलाचं पत्र घ्या. बाबाजी भिकाजी गुजर, मुकादम मौजे रांझे, याने बदअमल, म्हणजे दुराचार, केला म्हणून त्याचे हातपाय तोडून पाटिलकी काढली, तो निवाडा. त्या काळच्या पत्रांची सुरुवात 'अज रख्तखाने राजश्री शिवाजी राजे दामदौलतहू' अशी, फारसी वळणाची. आणि माथ्यावर 'प्रतिपच्चंद्रलेखेव'. राज्याभिषेकानंतर मायना बदलून 'क्षत्रियकुलावतंस श्रीराजा शिवछत्रपती' झाला. मुद्रा मात्र बदलली नाही. राजे झाले, छत्रपती झाले, तरी शिक्का तोच, 'शहाजीचा मुलगा शिव'.

रावणगाव_एक्सप्रेस

विषय निघालाच आहे तर बोलतो. माझ्या गाडीच्या मागच्या काचेवर राजमुद्रेचं स्टिकर आहे. बघितलं की बळ येतं. इथे कुणी त्यावर टीका करणार असेल तर आधीच सांगतो, मी ते काढणार नाही.

खडूफळा

रावणगाव दादा, टीका नाही, विनंती आहे. काचेवर असू दे. पण मागच्या महिन्यात माझ्याकडे एक लग्नपत्रिका आली. वर राजमुद्रा, आणि तिला चिकटून 'मर्यादेयं विराजते', दोन्ही माथ्यावर. त्याखाली मुला-मुलीची नावं, मुहूर्त, हॉल, 'आहेर आणू नयेत'. मोर्तब माथ्यावर आलं म्हणजे राजाचं बोलणं सुरू व्हायच्या आधी संपलं. प्रेमाने लावणाऱ्यांनी निदान जागा तरी बरोबर लावावी, एवढंच.

भंडाऱ्याची_पोर

माझं मत याहून कडक आहे. ज्या ठशामागे पेशवा, सचिव, चिटणीस, मुतालिक एवढी राखण होती, तो आज पन्नास रुपयांत कुणीही छापतो. चपलेच्या दुकानाच्या पिशवीवर पाहिला मी. अशोकस्तंभाला कायद्याचं संरक्षण आहे, २००५ चा कायदा आहे, अनुचित वापराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आपण निदान मनाने तरी तसं संरक्षण राजमुद्रेला द्यायला हवं.

रावणगाव_एक्सप्रेस

पिशवीचं वाचून मलाही राग आला. त्या दुकानाशी मला जोडू नका, ताई. माझ्या वडिलांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतावर राबून मला शिकवलं. मी गाडी घेतली तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने ते स्टिकर लावलं. त्यांना श्लोकाचा अर्थ सांगितला, तर म्हणाले, "वाढत जाणारी... मग लावच."

भंडाऱ्याची_पोर

दादा, हे आधी सांगायला हवं होतंत. तुमच्या वडिलांनी लावलंय ना, मग राहू दे. माझा राग पिशवीवर आहे.

दर्यावर्दी

मान कसा राखायचा याचं उदाहरण आमच्याकडे आहे. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत विक्रांत नौदलात दाखल झाली त्या दिवशी नौदलाचा नवा ध्वज फडकला. त्यातल्या निळ्या चिन्हाची दुहेरी सोनेरी अष्टकोनी किनार महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतली आहे. मुद्रेतला श्लोक घेतला नाही, अक्षर घेतलं नाही, फक्त आकार. आधीच्या ध्वजावर सेंट जॉर्जचा लाल क्रॉस होता. मी निवृत्त झालो होतो, घरी टीव्हीवर पाहिलं. उभा राहिलो आणि बराच वेळ खाली बसता येईना.

जर्सीची_मावशी

आमच्याकडचं सांगू का? इथे अमेरिकेत राष्ट्राची महामुद्रा १७८२ साली ठरली आणि १७८९ पासून ती परराष्ट्रमंत्र्याच्या ताब्यात असते. लेकाला घेऊन वॉशिंग्टनला गेले होते तेव्हा परराष्ट्र खात्याच्या इमारतीत तिचं दाबयंत्र ठेवलेलं असतं हे कळलं, काचेच्या कुलूपबंद खोलीत. वर्षाला दोन-तीन हजार कागदांवर ती उमटते. पण मंत्र्याला स्वतःच्या मनाने उमटवता येत नाही. राष्ट्राध्यक्षाचं अधिपत्र, म्हणजे लेखी हुकूम, लागतं. दफ्तरींनी लिहिलंय तेच, ठेवणारा वेगळा आणि हुकूम देणारा वेगळा.

आणि इंग्लंडचा दुसरा जेम्स राजा १६८८ च्या डिसेंबरात पळून जाताना महामुद्रा टेम्स नदीत टाकून गेला. आपल्यामागे कुणाला राजाच्या नावाने हुकूम काढता येऊ नयेत म्हणून. पुढे ती नदीतून परत निघाली. पण पळतानाही त्याला आधी काय आठवलं बघा!

मोडीवेडा

मावशी, हे वाचून अंगावर आलं. आपल्याकडे रायगड १६८९ साली मोगलांच्या हाती गेला आणि राजाराम महाराज जिंजीला पोचले, तेव्हाही त्यांच्या नावाने कागद निघतच राहिले. गड गेला, कारभार चालू.

कायद्याचं_बोला

आजच्या भारताचंही लिहून ठेवतो, कारण अनेकांना वाटतं मुद्रा आता फक्त संग्रहालयात आहे. संविधानाचा अनुच्छेद १५५ काढा. राज्यपालाची नेमणूक राष्ट्रपती आपल्या सहीनिशी आणि मुद्रेनिशी अधिपत्राद्वारे करतात. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांसाठी अनुच्छेद १२४, उच्च न्यायालयांसाठी २१७, तिथेही सही आणि मुद्रा दोन्ही. भंडाऱ्याच्या ताईंनी विचारलं होतं ना, सही की शिक्का? संविधानाने दोन्ही मागितले.

कोकणचा_वारा

पेशव्यांच्या शिक्क्याबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. धाग्याचा कागद पेशवाईतला आहे म्हणून विचारतो.

दफ्तरी_माणूस

बरी आठवण केलीत. "श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान." दिल्लीपर्यंत धडक मारणारा माणूस, पण शिक्क्यावर आधी राजाचं नाव, मग स्वतःचं, आणि पदवी 'मुख्य प्रधान'. शाहू महाराज १७४९ च्या डिसेंबरात गेले, साताऱ्यास रामराजे बसले, की पेशव्यांच्या शिक्क्यात 'राजाराम नरपति' आलं. धनी बदलला की प्रधानाचा शिक्का नव्याने कोरायचा.

पुण्यात सत्ता, साताऱ्यात गादी, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी वस्त्रं साताऱ्याहूनच यायची. सवाई माधवराव अवघे चाळीस दिवसांचे असताना, १७७४ च्या मे महिन्यात, पुरंदरावर त्यांना पेशवाईची वस्त्रं मिळाली. कारभार बारभाईंचा, म्हणजे कारभाऱ्यांच्या मंडळाचा. पण त्यांच्यातल्या कुणीही उठून स्वतःच्या नावाने राज्याचा कागद काढला नाही. नाव त्या तान्ह्या बाळाचंच. पदाबरोबर जी खूण दिली जायची तिला 'शिक्केकट्यार' म्हणत, शिक्का आणि कट्यार एका दमात. एकाने लिहून राज्य चालतं, दुसरीने राखून.

खडूफळा

'शिक्केकट्यार' उद्याच फळ्यावर घेते.

जोंधळा

दफ्तरींनी जोडाबद्दल लिहिलं, त्यावर माझं दुखणं सांगतो. आमच्या घरी पणजोबांनी जपलेली सनद होती. १८५२ नंतर इंग्रज सरकारच्या इनाम कमिशनच्या चौकशीत घराण्याने हीच दाखवून जमीन राखली, असं आजी सांगायची. सात-आठ वर्षांपूर्वी कागद फाटायला लागला म्हणून मी शहरातल्या एका दुकानात नेला. त्याने चांगुलपणाने प्लास्टिकमध्ये गरम करून बसवून दिला, दोन्ही बाजूंनी. आज अक्षरं पिवळी पडून पसरलीत, आणि पाठीवरच्या जोडाचे ठसे सुरकुतीखाली गेलेत. वितळलेलं प्लास्टिक सोडवायला गेलं तर शाई बरोबर निघते. अडीचशे वर्षं वाळवीपासून राखलं आणि मी पाच मिनिटांत घालवलं. मंडळी, जुना कागद प्लास्टिकमध्ये घालू नका. हात जोडून सांगतो.

दफ्तरी_माणूस

जोंधळा, मन खट्टू करून घेऊ नका. तुमच्या हाती निदान अक्षरं आहेत. चांगल्या उजेडात तिरप्या कोनातून दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. इनामाच्या चौकशीची कागदपत्रं सरकारी दफ्तरात आहेत. पुण्याच्या पुरालेखागारात गावाचं आणि घराण्याचं नाव देऊन शोध घ्या, नोंद मिळण्याची आशा आहे. मोडी वाचायला मी येईन.

जोंधळा

याल? खरंच? निरोप पाठवतो.

मोडीवेडा

मंडळी, काल गावी जाऊन आलो. दफ्तरींनी सांगितलं तसं कागद उलटा केला. सतरंजीवर स्वच्छ धोतर पसरलं, चुलत्यांनी एक टोक धरलं, मी दुसरं.

तीन बंद आहेत, म्हणजे दोन जोड. दोन्ही जोडांच्या पाठीवर ठसा आहे! इतकी वर्षं कुणी पाठ बघितलीच नव्हती. पहिल्या जोडावर ठसा अखंड जुळतो, रेघेला रेघ. दुसऱ्या जोडावर मात्र खालचा अर्धा तांदळाच्या दाण्याएवढा डावीकडे सरकलाय. 'ख' वरच्या बंदावर अर्धा आणि खालच्या बंदावर त्याची शेपूट बाजूला. माझ्या पोटात गोळा आला. वाटलं, शेवटचा बंद कुणी बदलला की काय? घराण्याची जमीन खोट्या कागदावर राहिली की काय?

चुलत्यांनी भिंग घेतलं. खूप वेळ पाहिलं. मग त्यांनी कडेला बोट ठेवलं. तिथे जुन्या खळीचा पिवळा पट्टा आहे, आणि त्याच्या शेजारी दुसरा, फिकट. म्हणाले, "सुटलं होतं. कुणीतरी परत चिकटवलंय. आपल्यातलंच कुणीतरी, अंधारात." ठशाचे दोन्ही अर्धे एकाच शाईचे, एकाच मापाचे, फक्त सरकलेले.

दफ्तरी, फोटो पाठवलेत. चुलते विचारतायत, पुन्हा सोडवून सरळ लावायचं का?

दफ्तरी_माणूस

फोटो पाहिले. चुलत्यांची नजर पक्की आहे. दोन्ही अर्धे एकाच ठशाचे आहेत, 'ख' ची जाडी आणि कडेची चिरसुद्धा जुळते. बंद बदललेला नाही.

सोडवू नका. वाकडं लागलंय तसंच राहू द्या, तीही आता त्या कागदाची नोंद आहे. सुती रुमालात गुंडाळा, माळ्यावर न ठेवता कोरड्या कपाटात ठेवा. आणि किल्ली चुलत्यांकडेच राहू द्या.